वाघ चार, बकऱ्या वीस

उन्हाळ्यात नरडाण्याला बाराच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरची एखादी गाडी येऊन थांबते, चार माणसे उतरतात आणि डोक्याला रुमाल गुंडाळून झपाझप घर गाठतात. अशा दुपारी कामाला नसलेली गडीमाणसे कुठे सापडतील, हे गावात कोणालाही विचारा. निंबाच्या सावलीत, पत्त्यांच्या फडात.

पत्ते खेळणे हा काही गुन्हा नव्हे. मेंढीकोट आम्हीही खेळलो आहोत. परंतु फडात मेंढीकोट फार वेळ चालत नाही. कोणीतरी म्हणते, ‘नुसतं काय खेळायचं?’ आणि मग तीन पत्ती सुरू होते. गेल्या वर्षी एक भगिनी आमच्याकडे आली. मुलीच्या शाळेच्या गणवेशासाठी डब्यात ठेवलेले पैसे नवऱ्याने फडात घालवले होते. ती रडली नाही, ओरडली नाही. ‘तुम्ही भाषणं करतात ना भाऊ, मग त्यांना काही सांगा,’ एवढेच म्हणाली.

आम्ही दोन-तीन कार्यकर्ते फडात गेलो आणि चांगले अर्धा तास बोललो. घामाचा पैसा, लेकरांचे शिक्षण, समाजाची इज्जत, सगळे सांगून झाले. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. शेवटी एक म्हातारे बाबा, जे स्वतः पैसे लावत नाहीत पण बघायला रोज बसतात, ते म्हणाले, ‘खेळू नका, खेळू नका सांगतस. मंग खेळानं काय, ते बी सांगा ना भाऊ!’

फड हसला. आम्हीही हसलो, पण परत येताना मनात एक बोचणी होती. बाबा चुकीचे बोलले नव्हते. चार तासांची दुपार, हातात काम नाही, वाचनालय नाही, पंखा आहे तर वीज नाही. अशा माणसाला ‘हे करू नको’ म्हणणे सोपे आहे. ‘हे कर’ असे सांगायला आमच्याजवळ काही नव्हते.

माय म्हणाली, तू वाघ व्हशी का बकऱ्या?

त्या रात्री जेवताना ही हकीकत घरात सांगितली. आमची माय लहानपणी तापीच्या काठाने दुसऱ्यांच्या बकऱ्या चारत असे. शाळा तिने पाहिली नाही. ती काही न बोलता उठली, चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि ओसरीच्या फरशीवर रेघा ओढू लागली. मग नातवाला चिंचोके आणायला पाठवले आणि आम्हाला विचारले, ‘तू वाघ व्हशी का बकऱ्या?’

आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत जमाखर्च सांभाळणारे. साहजिकच वाघ घेतले. वाघ उडी मारतो, बकरी खातो. बकरीला कोणालाच खाता येत नाही. हरायचा प्रश्नच कुठे येतो, असे वाटले. अर्ध्या तासात आमचे सगळे वाघ कोंडले गेले. एकालाही हलायला जागा उरली नाही. माय म्हणाली, ‘भूक लागनी का वाघले?’ आणि आंथरूण घालायला निघून गेली.

हा खेळ म्हणजे वाघ-बकरी. कुठे याला वाघ-शेळी म्हणतात. दोन माणसांचा खेळ, फासा नाही, नशीब नाही, पैसा नाही. समोरच्याच्या हातात काय लपले आहे हा प्रश्नही नाही. जे आहे ते दोघांच्या डोळ्यांसमोर. हरलात तर पानाला दोष देता येत नाही. दोष असेल तर तो आपल्या चालीचा.

पट आणि नियम

या खेळाचे पट ठिकठिकाणी वेगळे आहेत. तामिळनाडूत त्रिकोणी डोंगरासारखा पट काढतात आणि तीन वाघ, पंधरा बकऱ्या घेतात. नेपाळात चौकोनी पटावर चार वाघ व वीस बकऱ्या असतात. तिथे त्याला बाघचाल म्हणतात. आमच्या गावातल्या वडीलधाऱ्यांतही एकमत झाले नाही. एकाचा पट दुसऱ्याला पटेना. म्हणून मुलांना शिकवताना आम्ही चौकोनी पट धरला, कारण त्याचे नियम ठरलेले आहेत. ते असे:

१. पाच आडव्या आणि पाच उभ्या रेघा ओढा. रेघा जिथे एकमेकींना मिळतात ते घर. अशी २५ घरे होतात. मग समोरासमोरचे कोपरे तिरप्या रेघांनी जोडा. चारी बाजूंचे मध्यही एकमेकांना तिरप्या रेघांनी जोडा. पट तयार.

२. चार कोपऱ्यांत चार वाघ ठेवा. बाटलीची झाकणे चालतील. बकऱ्यांसाठी वीस चिंचोके घ्या. ते सुरुवातीला पटाबाहेर असतात.

३. पहिली पाळी बकरीवाल्याची. पाळीला एक बकरी मोकळ्या घरात ठेवायची. त्यानंतर वाघवाल्याने एक वाघ हलवायचा. वीसही बकऱ्या ठेवून होईपर्यंत ठेवलेली बकरी हलवता येत नाही.

४. वाघ रेघेने शेजारच्या मोकळ्या घरात जातो. शेजारी बकरी असेल आणि सरळ रेघेत तिच्या मागचे घर रिकामे असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारून त्या घरात जातो. ती बकरी गेली. एका पाळीत एकच उडी.

५. सगळ्या बकऱ्या ठेवून झाल्या की बकरीही रेघेने एक घर सरकू शकते. तिला उडी नाही.

६. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. एकाही वाघाला हलता येईना की बकऱ्या जिंकल्या. बकऱ्या ठेवून झाल्यावर पटाची जुनी मांडणी पुन्हा आणायची नाही, म्हणजे डाव तिथल्या तिथे फिरत राहत नाही.

आता हिशेब पाहा. चार वाघ आणि वीस बकऱ्या मिळून चोवीस होतात. घरे पंचवीस. म्हणजे एकही बकरी न गमावता सगळ्या पटावर आल्या, तर अख्ख्या पटावर फक्त एक घर मोकळे राहते. जो वाघ सुरुवातीला सगळीकडे हिंडत होता, त्याला पाय ठेवायला जागा शोधावी लागते.

पाठीमागे कोण आहे?

मुले पहिल्यांदा खेळतात तेव्हा सगळ्यांची एकच चूक होते. बकरी वाघापासून लांब ठेवायची, एवढेच ती पाहतात. लांब ठेवलेली बकरी एकटी पडते, वाघ दोन पावलांत तिच्याजवळ येतो आणि तिचा घास होतो. मग काही मुले उलट टोक गाठतात. वाघाच्या तोंडासमोरच बकरी ठेवतात, जणू शौर्य दाखवायचे आहे. तीही जाते.

वाघ बकरीला केव्हा खाऊ शकतो? ती दुबळी आहे म्हणून नव्हे. दुबळ्या तर वीसही आहेत. तिच्या मागचे घर रिकामे असते म्हणून. त्या घरात दुसरी बकरी उभी असेल, तर तोच वाघ अगदी नाकासमोरच्या बकरीचे काही बिघडवू शकत नाही. म्हणून बकरीवाल्याने प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न विचारायचा: हिच्या पाठीमागे कोण आहे?

दुसरी गोष्ट कडेची. पटाच्या कडेला ठेवलेल्या बकरीच्या मागे, पटाबाहेर, वाघाला उतरायला घरच नसते. तिच्यावर धोका फक्त कडेच्या रेघेने, दोन्ही बाजूंनी. मधल्या घरातल्या बकरीवर मात्र आठही दिशांनी उडी पडू शकते. म्हणून जाणती माणसे आधी कडा भरतात आणि मग हळूहळू आत सरकतात. माय हेच करत होती. आम्हाला वाटत होते की ती भिऊन काठाकाठाने राहते आहे. प्रत्यक्षात ती कुंपण घालत होती.

वाघवाल्यालाही डोके लागते. सगळे वाघ एका बकरीमागे धावले की बाकीचा पट बकऱ्यांच्या ताब्यात जातो. वाघाने मधली घरे धरून ठेवावीत, एकमेकांना मोकळी वाट ठेवावी आणि बकरीवाल्याची घाई होण्याची वाट पाहावी. बलवानाचेही बळ वाटेवर अवलंबून असते. वाट नसेल तर दात असून उपयोग नाही.

या खेळातली एक गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. बकऱ्या जिंकतात तेव्हा एकही वाघ मेलेला नसतो. वाघाला मारण्याचा नियमच पटावर नाही. चारही वाघ शेवटपर्यंत तिथेच असतात. फक्त त्यांच्या उडीच्या सगळ्या वाटा बंद झालेल्या असतात. ज्यांच्या अंगात उडी नाही, दात नाहीत, त्या वीस जणी रक्ताचा थेंब न सांडता, केवळ कोणी कुठे उभे राहायचे हे ठरवून डाव जिंकतात. आमच्या वाचकांना याहून अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

बरोबरीचा डाव

कोणी म्हणेल, मायने जिंकले ते तुम्ही नवशिके म्हणून. खेळ मुळात वाघाच्याच बाजूचा असला पाहिजे. हा प्रश्न संगणकाचे अभ्यासकही विचारत होते. लिम यू जिन आणि स्वित्झर्लंडचे युर्ग नीवेर्गेल्ट यांनी चार वाघ व वीस बकऱ्यांच्या पटाचा संगणकावर कसून शोध घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी निष्कर्ष मांडला: दोन्ही बाजूंनी एकही चूक न करता खेळ झाला, तर डाव बरोबरीत सुटतो.

म्हणजे बळ आणि संख्या यांचे पारडे इथे समसमान आहे. वाघ जन्माने विजयी नाही आणि बकरी जन्माने भक्ष्य नाही. जो चुकेल तो हरेल. मुलांना आम्ही हे सांगितले तेव्हा एका मुलीने लगेच विचारले, ‘मग आम्ही नेहमी वाघच का मागतो?’ याचे उत्तर आम्ही दिले नाही. तिने पुढचे दोन महिने बकऱ्या घेतल्या.

लेण्यांतले पट आणि सुत्तातली यादी

असे पट आपल्याकडे फार जुने आहेत. किल्ल्यांच्या फरशांवर, देवळांच्या ओट्यांवर, लेण्यांच्या दगडात कोरलेले निरनिराळ्या खेळांचे पट अभ्यासकांनी नोंदले आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतही ते आहेत. सहलीला जाणाऱ्या आमच्या बांधवांनी मूर्ती आणि शिलालेख पाहून झाल्यावर एकदा पायाखालच्या दगडाकडेही पाहावे. तिथे कोणीतरी खेळत बसलेले होते.

दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, खेळांची एक लांब यादी येते. आठ घरांच्या ओळींचा अट्ठपद, दहा घरांचा दसपद, पट न मांडता मनातल्या मनात खेळायचा आकास, शिवाय खेळण्यातला नांगर, गाडी, धनुष्यबाण असे कितीतरी. हे सगळे खेळ भिक्खूंनी टाळायचे, म्हणून ते तिथे सांगितले आहेत. यावरून कोणी म्हणेल की मग आम्ही लोकांना खेळ का शिकवतो? तर तो नियम घर सोडलेल्यांसाठी आहे. गृहस्थांसाठी सिगालोवाद सुत्त पाहावे. तिथे निषेध जुगाराचा आहे आणि त्याचे सहा तोटे मोजून दिले आहेत: जिंकणाऱ्याचा द्वेष होतो, हरणारा गेलेल्या पैशासाठी झुरतो, धन तर जातेच, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, मित्र त्याला तुच्छ लेखतात आणि सोयरिकीला कोणी उभे करत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आमच्या निंबाखालच्या फडाला जसाच्या तसा लागू पडतो. खेळ वेगळा आणि जुगार वेगळा, ही रेघ आपण ओढली पाहिजे.

चहा, बिबट्या आणि मुलांचे प्रश्न

उन्हाळी शिबिरात आम्ही हा खेळ पहिल्यांदा शिकवला तेव्हा ‘वाघ-बकरी’ म्हणताच मुले ओरडली, ‘चहा!’ आमचा भाग गुजरातला लागून असल्यामुळे तो चहा घराघरांत आहे. त्या पुड्यावर वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पितात. दक्षिण आफ्रिकेतून परत आलेल्या नारणदास देसाईंनी अहमदाबादेत उभ्या केलेल्या धंद्याची ही खूण. १९३४ पासून ती चालत आली आहे. लहान-मोठा भेद नसावा, हा त्या चित्राचा अर्थ. चित्र चांगलेच आहे. पण एका कपाशी बसण्याआधी बकरीला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची जागा हवी, आणि ती जागा कशी मिळते हे पटावर शिकायला मिळते, असे आम्ही मुलांना सांगितले.

मग प्रश्न आला, आपल्याकडे खरा वाघ आहे का? १८८० साली छापलेल्या खानदेश गॅझेटियरात या जिल्ह्यात पूर्वी वाघ किती होते याचे वर्णन आहे. शिकार झाली, जंगल तुटले आणि वाघ गेले. तरी मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोदा-डोलारखेड्याच्या जंगलात वाघांची नोंद झालेली आहे, आणि तिथले वाघ केळीच्या बागांपर्यंत येतात. आपल्याकडे बकऱ्या नेतो तो बहुधा बिबट्या. ज्याची एकुलती बकरी बिबट्याने नेली, त्याच्या घरी जाऊन पाहिले म्हणजे कळते की त्या घराची दूध, दवाखाना आणि शाळा अशी तिन्ही खाती एकदम बंद झाली. तरीही वाघ-बिबट्याचा द्वेष शिकवायचा नाही, हे आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो. त्याचे रान त्याच्याकडून काढून घेतले गेले, हेही खरेच आहे. पटावरसुद्धा वाघाला मारत नाहीत.

जे झाले आणि जे झाले नाही

आता प्रामाणिकपणे सांगतो. फड बंद झाला नाही. पगाराच्या दिवशी आजही तिथे तीन पत्ती बसते. एका खेळाने जुगार सुटला असे लिहिले, तर वाचायला बरे वाटेल, पण ते खोटे होईल.

मात्र निंबाखालच्या ओट्यावर आता एक पट कायमचा कोरलेला आहे. गवंडीकाम करणाऱ्या एका तरुणाने छिन्नीने तो कोरून दिला, एक पैसाही घेतला नाही. ज्या म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला निरुत्तर केले, ते रोज तिथे बसतात आणि शाळेतून येणाऱ्या पोरांना अडवतात. हातातला मोबाईल बाजूला ठेव, मग डाव, अशी त्यांची अट. पोरे कुरकुरतात, पण ठेवतात. कंपनीतली पाळी संपवून येणारे दोन-तीन तरुणही पत्त्यांकडे जाण्याआधी एक डाव मांडतात आणि कधी कधी तिथेच अंधार पडतो.

आणि जिच्या गणवेशाचे पैसे गेले होते, ती मुलगी रात्री बापाबरोबर खेळते. बाप वाघ, ती बकऱ्या. तिच्या आईने आम्हाला हे सांगितले. सुरुवातीला बाप मुद्दाम हरायचा. एका रात्री मुलीने चारही वाघ खरोखर कोंडले. तो कितीतरी वेळ पटाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मना वाघ कोंडाई गया ना बेटा. आखो एक डाव मांड.’ बाहेरून फडातल्या मित्राने हाक मारली, तेव्हा तो उठला नाही. दुसऱ्या दिवशी उठला असेलही. पण आई म्हणाली, त्या रात्री उठला नाही.

भगिनींनो आणि बंधूंनो, कोळशाचा एक तुकडा आणि मूठभर चिंचोके एवढीच या खेळाची किंमत. आपल्या घरात, विहाराच्या अंगणात, शाळेच्या व्हरांड्यात पट काढा. मुलीला मुद्दाम जिंकू देऊ नका, पण तिला खेळायला बसवा. आणि आपल्या गावातल्या आजी-आजोबांना विचारा की त्यांच्या लहानपणी पट कसा काढत, वाघ किती आणि बकऱ्या किती असत. आमच्या मायसारखी एखादी निरक्षर बाई ते सांगू शकेल. ती आहे तोवर कागदावर उतरवून घ्या आणि या पानाकडे पाठवा. जे पट येतील ते आम्ही स्वतः मांडून, खेळून पाहू.